मांडी स्वच्छ आहे!

"माझ्या तपासणीशिवाय या घरात मांसाचा तुकडासुद्धा शिरणार नाही!" रुपेशने सासूबाई सरलाबाईंसमोर जाहीर करून टाकलं.

जर्मनीत हॅनोव्हरच्या एका कारखान्यात तो क्वालिटी इंजिनिअर. दाखला मिळाला म्हणून विश्वास ठेवायचा, हे त्याच्या रक्तातच नव्हतं! शेजारचे शिकारी डीटर हरणाची मांडी देणार होते. सरलाबाई तिचा झणझणीत रस्सा करणार आणि रात्री डीटर जेवायला येणार, असा बेत होता.

'एवढं चांगलं मांस असेल, तर हा स्वतः का खात नाही?' असं मनाशी म्हणत रुपेश त्यांच्या गॅरेजात पोचला.

डीटरांनी टांगलेल्या हरणाचं लिव्हर कापून दाखवलं. आतून सुकलेल्या पानांसारखे चपटे किडे बाहेर आले! रुपेश पांढराफटक पडला.

"लिव्हर कचऱ्यात," डीटर शांतपणे म्हणाले. "हे किडे तिथेच राहतात. मांस उत्तम आहे."

"नक्की?"

"या, या," डीटरांनी जर्मनमध्ये होकार भरला.

"मांडीसुद्धा?"

"गेनाऊ! अगदी!"

'मग हा हसतोय का?' रुपेशने मोबाइलचा टॉर्च लावला, भिंग काढलं आणि हरणाच्या केसाळ कातडीत जवळजवळ डोकंच खुपसलं. कान बघितले, नाक बघितलं, शेपटीखालीही बघितलं! डीटर कंटाळून बिअर पीत बसले. अखेर "मांडी स्वच्छ आहे" असा निकाल देऊन तो मांडी घेऊन विजयी वीरासारखा घरी आला.

सरलाबाई खोबरं भाजत होत्या. त्यांनी मान वळवली.

"अहो रुपेशराव, मघापासून डोकं का खाजवताय?"

"काही नाही, आई."

तेवढ्यात कानामागून काहीतरी तुरुतुरु वर सरकलं!

"इरा! किडे माझ्या मेंदूत चाललेत!"

"तिथे त्यांना काय मिळणार?" म्हणत बायको धावली.

सरलाबाईंनी कागद पसरला, बारीक फणी फिरवली. टप्! चपटा, तपकिरी किडा पडला. नखाखाली चिरडला तरी ढिम्म! मग दुसरा. मग तिसरा! इराने घाबरून डीटरांना फोन लावला. पलीकडे हास्याचा स्फोट झाला.

"आल्झो, तर ही हरणावरची माशी! अंगावर बसली की पंख टाकते आणि केसांत शिरते. हरीण थंड पडलं की दुसरं ऊबदार अंग शोधते. तुमच्या नवऱ्याने डोकं आयतं पुढे केलं! घाबरू नका, माणसावर ती फार टिकत नाही."

"आणि मांस?" सरलाबाईंनी विचारलं. इराने जर्मनमध्ये तोच प्रश्न केला.

"मांस एकदम स्वच्छ!"

सरलाबाईंनी आधी मांडीकडे बघितलं, मग जावयाकडे. संशय कुणाचा घ्यायचा ते लगेच ठरलं.

रात्री डीटर टेबलावर बोटं चाटत होते. रुपेश अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी कानांपर्यंत ओढून बाल्कनीत कुडकुडत उभा होता. त्याने काचेवर टकटक केलं.

"अगं, मला वाढ की!"

इराने त्याच्या टोपीकडे रोखून बघत दार वीतभर उघडलं आणि वाटी सरकवली. वाटीत नुसता रस्सा!

"फोडी संपल्या रे," ती म्हणाली. "डीटरना फार आवडल्या."