डार्सीचे हात आणि कॉर्कमांचा झगा

बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरीला मी स्वतः उचलून वेदीपर्यंत नेणार, कुणी मध्ये हात घालायचा नाही, असं डार्सी कॉर्कमनं आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. जाहीर म्हणजे काय, तर सासूला सांगितलं होतं. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या त्या किनाऱ्यावर व्हेरना कॉर्कमला एखादी गोष्ट सांगितली, की ती धक्क्यावर नुसत्या बांधून ठेवलेल्या बोटींनाही कळायची.

या घोषणेला कारण होतं. पोरगी पोटात असताना, सातव्या महिन्यात, डार्सीचे दोन्ही हात झोपी गेले होते. आधी अंगठा, मग शेजारची दोन बोटं. करंगळी तेवढी शुद्धीवर राहिली, पण करंगळीच्या जिवावर संसार कसा करायचा? डार्सी बेकरीत केकवर नावं काढायची. तिचं क्रीममधलं अक्षर असं, की लोक वाढदिवसाचा केक कापायला कचरायचे. त्याच हातातून एका निवृत्त पोस्टमास्तरच्या केकवर क्रीमची पिशवी अशी निसटली, की त्या बिचाऱ्याचं नाव कडेवरून ओघळून थाळीत गेलं. मालकिणीनं तिला काउंटरवर उभं केलं. तिथे तिनं गिऱ्हाइकांच्या पायांवर नाणी सांडली. मग मालकिणीनं प्रेमानं सांगितलं, आता तू घरी आराम कर. प्रेमानं सांगितलं म्हणजे पगार बंद.

डॉक्टरनं तिचं मनगट ठोकून बघितलं. म्हणाला, इथे आत एक बोगदा असतो, त्यातून नस जाते, सूज आली की ती दाबली जाते. गरोदरपणात पुष्कळ जणींना होतं, बाळ झालं की आपोआप जातं. त्यानं रात्री बांधायला आत पत्रा असलेले दोन पट्टे दिले. ते बांधूनही डार्सी झोपेतून हात झटकत उठायची. अशी दोन-तीनदा पत्र्यासकट थोबाडीत बसल्यावर नवऱ्यानं, म्हणजे ग्लेननं, आपला मुक्काम सोफ्यावर हलवला.

‘बाळ झालं की जातं.’ हे वाक्य तिला शेजारणीनं ऐकवलं, नर्सनं ऐकवलं, दुकानात अंडी घेताना एका परक्या बाईनं थांबवून ऐकवलं. बाळ झालं. पोरगी झाली, नेल नाव ठेवलं, आणि हात होते तिथेच राहिले. पाजताना मनगट वाकवून धरावं लागायचं, तेवढ्यात बोटांत मुंग्यांची वारुळं फुटायची. डॉक्टर म्हणाला, अंगावरचं दूध तुटलं की जाईल.

झबल्याची बटणं डार्सी दातांनी लावायला शिकली. दुधाची बाटली दोन्ही तळव्यांत दाबून धरायला शिकली. पण ती बाटली एकदा व्हेरनासमोर खाली पडली आणि तिथून सगळं बिघडलं. व्हेरना रोज सकाळी हजर व्हायला लागली. डार्सीनं पोरीला उचललं, की मागून आवाज यायचा, “आण इकडे. पाडशील.” आणि पोरगी आजीकडे. आम्ही चार पोरं वाढवली, वर बोटीवरच्या माणसांना जेवू घातलं, आमच्या हातांना झोपायला सवड नव्हती, असंही ती डार्सीला नाही तर खिडकीला सांगायची. डार्सीनं ग्लेनकडे तक्रार केली. ग्लेन म्हणाला, आईचा स्वभाव तसाच आहे. मग तो शेवंडं पकडायला समुद्रावर गेला, कारण शेवंडांना स्वभाव नसतो.

तेव्हा बाप्तिस्मा हा तिच्या मते एकदाचा निकाल होता. सगळ्या गावासमोर पोरीला आपल्या हातांनी नेऊन दाखवायचं आणि आपण आई आहोत हे सिद्ध करायचं. आता हे सिद्ध का करावं लागावं, असा प्रश्न तिला पडत होता. पण तो ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

अडचण एकच होती. पट्टे घालायचे नाहीत, फोटोत ते बरे दिसत नाहीत, असा व्हेरनाचा हुकूम होता. आणि पट्ट्यांशिवाय, वर पायघोळ झगा घातलेली पोरगी तेवढा वेळ हातांत राहील, याची खुद्द डार्सीला खात्री नव्हती. झगाही साधा नव्हता. ग्लेनच्या पणजीनं शिवलेला, लेसचा, आजवरच्या प्रत्येक कॉर्कमचा बाप्तिस्मा त्यातच झालेला.

डार्सीनं युक्ती काढली. पोरीला छातीशी बांधायचं एक लांब कापड होतं. झग्याचा घेर वर उचलायचा, कापड पोरीच्या ढुंगणाखालून घेऊन आपल्या पाठीशी बांधायचं, घेर पुन्हा सोडायचा आणि वरून आपला सैल कोट. हात फक्त दाखवायला. गाठ मारायला स्वतःची बोटं चालेनात म्हणून चर्चच्या मागे गाडीत तिनं ग्लेनला मारायला सांगितली. “घट्ट मार,” ती म्हणाली. ग्लेननं बोट धक्क्याला बांधतात तशी गाठ मारली. वादळ यायचं असेल तेव्हा मारतात तशी.

डार्सी वेदीपर्यंत राणीसारखी चालत गेली. बाकांवरून कौतुकाची कुजबुज झाली. आईच्या हातात पोर असताना पास्टर वरून पाणी घालतात, असंच तिनं आजवर पाहिलं होतं. पण जुने पास्टर निवृत्त झाले होते. नव्या पास्टर वेंट्झेलांची पद्धत वेगळी होती. ते पोर स्वतःच्या हातांत घेत आणि पाणी घातल्यावर सगळ्या चर्चमधून मिरवून आणत. हे त्यांनी आधीच्या बैठकीत सांगितलं होतं. त्या बैठकीला डार्सीच्या जागी व्हेरना गेली होती, आणि हे सुनेला सांगावं असं तिला वाटलं नव्हतं.

पास्टरांनी हात पुढे केले. डार्सी एक पाऊल मागे सरली.

“इथूनच घाला ना पाणी,” ती हळूच म्हणाली.

पास्टर हसले आणि पुन्हा हात पुढे केले. डार्सी आणखी एक पाऊल मागे. मग पास्टरांचा चेहरा एकदम कनवाळू झाला. ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “बाई, तुमच्या मनात श्रद्धेबद्दल काही शंका आहे का?” त्यांच्या कॉलरला माईक होता. शंकेची बातमी शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि तिथे कुणाचं तरी पुस्तक खाली पडलं.

“शंका नाही, गाठ आहे,” डार्सी पुटपुटली.

“मनात गाठ आहे,” पास्टर समजुतीनं मान हलवत म्हणाले. तेही सगळ्यांनी ऐकलं.

पहिल्या बाकावरून व्हेरना उठली. सून आपल्यावरचा राग देवाच्या दारात काढते आहे, याबद्दल तिच्या मनात कसलीच शंका नव्हती. ती तरातरा वर आली. “दे त्यांना. तुझा हट्ट नको इथे,” म्हणून तिनं नेलला काखेत धरून ओढलं. नेल आली नाही. व्हेरनानं जोर केला. पोरगी कापडात होती तिथेच राहिली, झगा मात्र आला. गळ्यापासून कमरेपर्यंत चर्रकन फाटत आला. माईकनं तो आवाज टिपला आणि पाठोपाठ डार्सीच्या तोंडून निघालेला शब्दही टिपला. तो त्या चर्चमध्ये यापूर्वी कधी उच्चारला गेला नसावा.

लेसच्या चिंध्यांत, नुसत्या लंगोटावर, आईला करकचून बांधलेली नेल सगळ्या गावाला दिसली. तिनं जांभई दिली.

ग्लेन धावत आला. त्यानं तिचा कोट मागून वर केला, पण स्वतःचीच गाठ त्याला सुटेना. तेव्हा त्यानं खिशातून चाकू काढला. देवाच्या वेदीसमोर बायकोच्या पाठीमागे चाकू घेऊन उभा राहिलेला नवरा बघून पास्टर वेंट्झेलांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. कापड कापलं गेलं. पास्टरांनी पोरीला उचललं, पाणी घातलं, आणि मिरवणूक मात्र या वेळी रद्द केली.

नंतर बाजूच्या हॉलमध्ये सँडविचं आणि कॉफी होती. झगा एका टेबलावर आडवा ठेवला होता आणि माणसं येऊन त्याच्याजवळ हळू आवाजात बोलत होती. काय सुंदर होता, म्हणत होती. ग्लेनच्या एका आत्याबाईनं डोळे पुसले. हातांना काय झालंय असं डार्सीला कुणी विचारलं नाही. हॉलभर नजरा टाळत ती कपाची दांडी करंगळीत अडकवून उभी होती.

फोटो काढायचाच होता, म्हणून व्हेरना झगा आणि सुई-दोरा घेऊन आतल्या स्वयंपाकघरात गेली. डार्सी माफी मागायला पाठोपाठ गेली. निदान तसं स्वतःला सांगत गेली, खरं तर तिला भांडायचं होतं. व्हेरना खिडकीपाशी बसली होती. दोरा सुईच्या नाकाशी नेत होती आणि सुई खाली पडत होती. तिनं ती शोधून उचलली. पुन्हा पडली. मग तिनं हात झटकला, उजवा, मग डावा. डार्सी तो झटका ओळखत होती. रात्ररात्र ती तेच करत होती.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

व्हेरनानं वर बघितलं नाही. “ग्लेनच्या वेळेपासून.”

“गेलं नाही?”

“बाळ झालं की जातं म्हणाले होते.”

डार्सी समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणजे इतके दिवस रोज सकाळी तिच्या पोरीला एका बधिर हातातून काढून दुसऱ्या बधिर हातात देण्यात येत होतं, आणि त्याला काळजी म्हणत होते.

“मला सांगायचं तरी,” ती म्हणाली.

“सांगून काय होणार होतं?” व्हेरनानं सुई टेबलावर ठेवली. “तू सांगितलंस ना सगळ्यांना. काय झालं?”

 दोघी सुईकडे बघत बसल्या. बाहेर फोटोवाल्यानं हाक मारली.

तेवढ्यात सँडविच खात ग्लेन आत आला. हिवाळ्यात घरी बसून माशांच्या गळाला तो बारीक पिसं बांधायचा, त्यामुळे सुईचं त्याला वावडं नव्हतं. त्यानं बोटं पँटला पुसली, एका फटक्यात दोरा ओवला आणि टाके घालायला लागला. बायको आणि आई दोघी अशा गप्प का आहेत, हे त्याला विचारावंसं वाटलं, पण दोरा अर्ध्यावर होता.

फोटो झाला. झगा आत्याबाईच्या हातून सगळ्या हॉलमध्ये फिरला. बाप्यामाणसानं असे टाके घालावेत याचं कुणाला नवल आवरेना. पास्टर वेंट्झेल ग्लेनची पाठ थोपटून गेले. आत्याबाई डार्सीजवळ येऊन तिचा हात दाबत म्हणाल्या, “नशीब काढलंस हो पोरी. असे हात असलेला नवरा मिळायला भाग्य लागतं.”

डार्सीला तो दाब लागलाही नाही. ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या हातातला कप पडायच्या आत टेबलावर ठेवायला गेली. तो टेबलाच्या अलीकडेच पडला.