ठिणगीसाठी पांढरे केस

गेबहार्टरावांचा हिशेब अगदी सरळ होता. गाडीची देखभाल घरच्या घरी केली, की गाडी ठणठणीत राहणार. गाडी ठणठणीत, तर रविवारी शेजारच्या वालबुर्गाबाई सफरचंदाचा बहर बघायला बरोबर येणार. आणि सरोवराकाठी पाकळ्या पाण्यावर पडत असताना, कित्येक वर्षं ओठांशी अडलेला प्रश्न एकदाचा विचारता येणार. भांडवल, एक पाना आणि चार नवे स्पार्क प्लग. नफा, उरलेलं आयुष्य!

"गाडीच्या ठिणगीतलं मला सगळं कळतं," ते कुंपणावरून बाईंना म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं. थंड इंजिनात त्यांनी प्लग अलगद बसवले. इतके अलगद, की जणू झोपलेल्या बाळांना पांघरूण घालताहेत. प्रश्न फक्त मार्डरचा होता. अंगाने मुंगूस, चालीने मांजर आणि गळ्याखाली पांढरा रुमाल बांधल्यासारखा हा प्राणी जर्मनीच्या साऱ्या श्वाबेन प्रांतात रात्री उबदार इंजिनात शिरतो आणि वायरी चघळतो. त्यावर अख्ख्या गल्लीचा एकच उपाय, कुत्र्याचे केस मोज्यात भरून बॉनेटखाली टांगायचे. वासानेच मार्डर पळतो म्हणे!

कुत्रा वालबुर्गाबाईंकडे होता. पांढराशुभ्र पूडल, नाव हेक्टर. तो कुंपणापाशी पहुडला होता, आणि गेबहार्टराव लाजून त्याच्याकडेच बघत बोलले. तीच चूक झाली.

"वालबुर्गाबाई, एक मागू? हसू नका हं."

"मागा की!"

"थोडे केस हवे होते."

बाईंचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. "केस? कशाला हो?"

"गाडीत जवळ ठेवायला. ते असले की मला निर्धास्त झोप लागेल."

"अगंबाई! पण पांढरे आहेत ना."

"मग काय झालं? फक्त धुतलेले नकोत. वास पाहिजे!"

"इश्श, काहीतरीच तुमचं!" म्हणत बाई आत पळाल्या. गेबहार्टरावांना वाटलं, कात्री आणायला गेल्या. गेल्या होत्याच!

संध्याकाळी टपालपेटीत पाकीट आलं. आत निळ्या रिबिनीत बांधलेली चंदेरी बट. 'कुत्र्याच्या केसांनासुद्धा रिबीन! काय ही टापटीप!' गेबहार्टराव भारावले, आणि बट एका जुन्या मोज्यात कोंबून इंजिनाला बांधून मोकळे झाले.

रविवारी रस्ता पांढऱ्या गुलाबी धुक्यातून वाहत होता. बाईंच्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचा डबा, पायाशी हेक्टर, खिडकीतून आत येणाऱ्या पाकळ्या.

"बॅटरीत जोर तो किती, बघा," गेबहार्टराव स्वप्नात बोलावं तसे बोलत होते. "पण प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते. ती तेवढाच जोर साठवते, वाढवते, हजारो पटींनी. आणि नेमक्या क्षणी, आधी नाही, नंतर नाही..."

"ठिणगी!" बाई पुटपुटल्या.

"नेमका क्षण कोणता, ते गाडीतला संगणक ठरवतो."

"माणसांना असा संगणक हवा होता हो," बाई सुस्कारल्या.

सरोवर दिसलं. निळं, निवांत, आभाळापासून वेगळं न काढता येणारं. गेबहार्टरावांनी श्वास भरला, "वालबुर्गाबाई..." आणि गाडी खोकली! मग थरथरली, पिवळा दिवा लुकलुकला, आणि तीन सिलिंडरांवर लंगडत गाडी सफरचंदाच्या एका झाडाखाली येऊन बसली.

बॉनेट उघडलं. चौथ्या कॉइलची वायर अर्धी कुरतडलेली होती, ती रस्त्यातल्या खड्ड्यांनी पुरती तुटली होती. शेजारी फाटका मोजा. आणि कॉइलच्या उबेत चंदेरी केसांचं सुबक गादीसारखं घरटं, त्यावर निळी रिबीन.

बाईंनी रिबीन दोन बोटांत उचलून धरली.

"हे माझे केस आहेत."

"तुमचे?" गेबहार्टराव चमकले. "मी हेक्टरचे मागितले होते!"

पाण्यावर एक पाकळी पडली. वेळ अजून गेली नव्हती. चार गोड शब्द पुरले असते! पण गेबहार्टरावांना ठिणगीतलं सगळं कळत होतं.

"तरीच!" ते उद्गारले. "कुत्र्याचे असते तर वायर वाचली असती!"

टोचन करून नेणाऱ्या ट्रकमध्ये बाई चालकाशेजारी बसल्या, डबा आणि हेक्टरसकट. गेबहार्टराव मागच्या बाकावर. पुढल्या आठवड्यात टपालपेटीत कुत्र्याच्या केसांनी गच्च भरलेली पिशवी आली. वर लिहिलं होतं, 'इंजिनासाठी'. रिबीन नव्हती.

गाडी आता चारही सिलिंडरांवर गुणगुणते. शेजारची जागा रिकामी असते, एवढंच. मार्डरला घरटं फुकट मिळालं. वायरीचा खर्च विमा कंपनीने मुकाट्याने दिला. मार्डर चावला तर तसं कलमच आहे. माणसाने वेळेवर जीभ चावली नाही, त्याला मात्र कलम नाही. ते नुकसान गेबहार्टराव स्वतःच भरताहेत, दर रविवारी.