काटा हलवायचा नाही

सुधाला जाऊन दहा महिने झाले आणि वेणीमाधवरावांनी ठरवलं की तिचा ट्रान्झिस्टर आपण स्वतः दुरुस्त करायचा. ज्या गृहस्थाने आयुष्यात स्वतःच्या हाताने फक्त शर्टाची बटणं लावली (तीही पुष्कळदा एक घर चुकवून), त्याने असं ठरवण्यात नवल कमी आणि धोका जास्त होता.

खरं तर द्वारका चौकाजवळ जुने रेडिओ बघणारा एक मेकॅनिक अजून तग धरून आहे. वेणीमाधवराव त्याच्याकडे गेलेही. पण त्याने ट्रान्झिस्टर हातात घेतला मात्र, त्याचा अंगठा सरळ स्टेशनच्या चकतीकडे वळला.

“अहो, काटा हलवू नका!”

“काका, काटा न फिरवता तपासू कसा? नाडी न बघता डॉक्टर गोळी देतो का?”

“काटा आहे तिथंच राहिला पाहिजे.”

“मग घरी न्या आणि हळदकुंकू वाहा त्याला.”

वेणीमाधवराव घरी आले. कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. दवाखान्यात जायला निघताना सुधाने स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला, तेव्हा काटा जिथे होता तिथेच तो अजून होता. सव्वीस वर्षं ती रोज संध्याकाळी रेडिओ लावायची आणि सव्वीस वर्षं हे हॉलमध्ये पेपर वाचायचे. ती काय ऐकते, हे विचारायचं राहून गेलं. आता सांगणारा तेवढा तो काटाच उरला होता.

हॉलमधल्या टेबलावर ट्रान्झिस्टर उघडला, तर आत सेल फुटून हिरवट पांढरा चिकटा झाला होता. तो त्यांनी लिंबू लावून खरवडला, नवे सेल घातले. रेडिओ म्हणाला, “घुर्रर्र.”

मग शिक्षण सुरू झालं. मोबाईलवरचे व्हिडिओ, एक मीटर, कथलाची तार, सोल्डरिंगची गन. सुधाच्या फोटोखालच्या त्याच टेबलावर वर्कशॉप थाटलं, कारण प्लगचा बोर्ड तिथे होता. मीटरने पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्याच दोन हातांमधला विरोध मोजला. आकडा भलताच मोठा आला. (सुधाला तो मीटरशिवाय माहीत होता.)

रेझिस्टरच्या, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या बारीक नळ्यांनी मात्र जीव काढला. तांबडा कुठला आणि तपकिरी कुठला हे वेणीमाधवरावांना कधीच उमगलं नव्हतं. त्यांचे शर्ट सुधाच निवडायची. परिणामी पहिल्या रविवारी धूर निघाला, आणि दुसऱ्या रविवारी टेबलक्लॉथला अठन्नीएवढं भोक पडलं.

“बाबा, नवा रेडिओ घ्या ना,” पुण्याहून सई फोनवर म्हणाली. “नाहीतर मोबाईलवर ऐका.”

“त्यात तुझ्या आईचा काटा नाही.”

सईने नव्या रेडिओचा विषय सोडला. मग म्हणाली, “गन वापरताना चष्मा घालत जा.”

दोन महिन्यांत त्यांनी ट्रान्झिस्टरचा निम्मा ऐवज बदलला. प्रत्येक नव्या भागानंतर ते डोळे मिटून बटण दाबत आणि रेडिओ तेवढ्याच निष्ठेने म्हणे, “घुर्रर्र.”

वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी सात वाजता नेहमीचं “घुर्रर्र” चालू असताना कॉलनीतली वीज गेली आणि काळोखात, अगदी कानाशी, एक बाई स्वच्छ मराठीत बोलू लागली. वेणीमाधवराव जागच्या जागी उभे राहिले. दोनच मिनिटांत वीज आली. पंखा फिरला, फोटोसमोरचा विजेचा दिवा लागला, आणि बाईच्या जागी पुन्हा “घुर्रर्र.”

तो दिवा त्यांनीच आणला होता, तेराव्याच्या आदल्या दिवशी, रात्रंदिवस तेवणारा. गेले दोन महिने तो रेडिओपासून वीतभर अंतरावर गुरगुरत होता, आणि वेणीमाधवराव निर्दोष रेडिओची आतडी बदलत होते.

“आलोच हं,” ते फोटोला म्हणाले आणि दिव्याची पिन काढली.

बाई पुन्हा बोलू लागली. आता भावगीत लागेल, निदान एखादा अभंग, म्हणून वेणीमाधवरावांनी खुर्ची पुढे ओढली.

“कांद्यावरील फुलकिड्यांच्या नियंत्रणासाठी,” बाई म्हणाली.

त्यांनी कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. मग देवळ्याला मेहुण्याला फोन लावला. काळू सुधाचा धाकटा भाऊ. शेती तोच बघतो.

“काळू, सुधा रेडिओवर कांद्याचं ऐकायची?”

“मंग! साडेसातला फोन यायचाच तिचा. काय फवारायचं, पाणी कधी तोडायचं. दाजी, आमचा कांदा सव्वीस वर्षं तुमच्या किचनातूनच पिकलाय. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मी हॉलमध्ये असायचो.”

“आता मोबाईलवर समदं दिसतं,” काळू म्हणाला. “पण साडेसात वाजले की फोनकडं बघायची खोड काय जात नाय.”

वेणीमाधवराव म्हणाले, “मी करत जाईन फोन.”

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच ते वही, दोन पेनं आणि चष्मा घेऊन बसले. दिवा बंद, पंखा बंद, दाराची घंटासुद्धा बंद. बाई बोलली ते शब्दन्‌शब्द उतरवलं, महत्त्वाचं अधोरेखित केलं. बरोबर साडेसातला फोन लावला. पहिल्याच रिंगला काळूने उचलला.

“लिहून घे. घडांची विरळणी वेळेवर करायची. दाटी ठेवायची नाही. मण्यांना हवा लागली पाहिजे.”

“हां.”

“घडावर कागद गुंडाळायचा. उन्हाने डाग पडतात.”

काळू लिहून घेतोय असं समजून वेणीमाधवरावांनी पुढचं वाक्य सावकाश वाचलं.

“दाजी,” काळू अगदी हळू आवाजात म्हणाला, “आज द्राक्षाचं होतं.”