कुड्याला नेवता

"उद्या सकाळी सहाला येतो जी. थोडी साल पायजे."

हे वाक्य रामटेके सर एका झाडाला म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो. आधी वाटलं मलाच सांगताहेत. म्हणून मी म्हणालो, "सहाला कशाला सर, सातला निघू." त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं, बुंध्याशी चिमूटभर हळदीचे तांदूळ ठेवले, घड्याळ पाहिलं आणि खिशातली डायरी काढून लिहिलं : 'झाड क्रमांक चार. निमंत्रण दिले. सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे.'

रामटेके सर आमच्या मूल गावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, मी रसायनशास्त्र. आमची घरं एकाच आवारात, मधे कमरेएवढी भिंत. त्यांची आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. माणूस पक्का बुद्धिवादी. मांजर आडवं गेलं तर थांबत नाहीत, उलट त्या मांजराला रस्ता ओलांडण्याचे नियम सांगतात. पोरांनी प्रयोगवहीत 'साधारण' हा शब्द लिहिला की लाल गोल. "साधारण म्हंजे किती? तुह्या घरी साधारण भात शिजते का पूर्ण शिजते?" असा माणूस झाडाला हात जोडून उद्याची वेळ घेतो, हे मला काही केल्या पचेना.

सरांची पीएचडी कुड्यावर. कुडा म्हणजे आपल्याकडचं पांढऱ्या फुलांचं झाड. हगवण लागली की जुन्या माणसांना पहिली त्याचीच साल आठवते. सालीत अल्कलॉइडं असतात, म्हणजे झाडानं स्वतःच्या बचावासाठी केलेली कडूजहर द्रव्यं. त्यातलं मुख्य कोनेसीन. ते कोणत्या झाडात, कोणत्या मोसमात किती भरतं, हे सर वर्षानुवर्षं मोजत होते. साल ते आणत, कुटून, द्रावणात भिजवून अल्कलॉइड वेगळं काढण्याची हमाली माझ्याकडे. प्रत्येक नमुना ते आधी जिभेवर ठेवून पाहत आणि डोळे मिटून म्हणत, "बोलते जी, बोलते." मी एकदाच चाखला. संध्याकाळपर्यंत बायकोशी बोलता आलं नाही.

झाडं त्यांना दाखवली ती फुलाबाईनं. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावची ही गोंड म्हातारी, आसपासच्या गावांना औषध देणारी. सर पहिल्यांदा गेले ते सुरी परजूनच. वनखात्याची परवानगी होती, ग्रामसभेची परवानगी होती. फुलाबाईनं मनगट धरलं. "आन् झाडाची?" सर गोंधळले. ती म्हणाली, "बिनानेवत्याचं कोनाच्या घरी जाते का बाबू? आज सांगून ठेव. उद्या ये."

तेव्हापासून सर आदल्या दिवशी सांगून ठेवतात. मी चिडवायचो, "सर, तुम्ही बुद्धवंदनेपलीकडं काही मानत नाही, अन् झाडाला तांदूळ?" ते शांतपणे म्हणायचे, "मानन्याचा प्रश्नच नाई जी. माहिती जिनं देल्ली तिची ही पद्धत हाये. पद्धत आपल्या मनानं बदलवली का निकालाचा भरोसा नाई."

मात्र ही सवय झाडांपुरती नव्हती. कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा पाजायचा तरी सर आदल्या दिवशी येऊन सांगत, "उद्या अकरा चाळीसले चहा. आजच सांगून ठेवतो." आणि आपण "चला सर, चहा मारू," म्हटलं, तर हमखास काहीतरी काम काढून सटकत. माझ्या मुलीच्या बारशाला मी स्टाफरूमच्या फळ्यावर ठळक लिहिलं होतं, 'सर्वांनी यावे.' सगळे आले. भिंतीपलीकडचे सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कुंडीत कडीपत्त्याचं रोप ठेवलेलं होतं, चिठ्ठीसकट : 'बाळास.' मला रागच आला होता. शेजारी असून इतका ताठा!

तर, सरांचा प्रबंध अडला तो तिसऱ्या प्रकरणात. 'नमुने गोळा करण्याची पद्धत' या मथळ्याखाली त्यांनी इमानदारीनं लिहिलं होतं की झाडास आदल्या सायंकाळी निमंत्रण दिले. नागपूरच्या मार्गदर्शकांनी त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. हा काढा, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही. नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. प्राचार्यांनी समजावलं, मी समजावलं. एक परिच्छेद तो काय! सर म्हणाले, "केलं ते लिवाव लागते. लिवाचं नसन तं कराव नाई."

मग त्यांनीच तोड काढली. निमंत्रणानं काही फरक पडतो की नाही, हे तपासायचं. वीस कुडे निवडले, सारख्या वयाचे, एकाच उतारावरचे. दहांना निमंत्रण, दहांना नाही. शास्त्रात ज्यांना काहीच द्यायचं नाही आणि फक्त तुलनेसाठी ठेवायचं, त्यांना कंट्रोल म्हणतात. हे दहा कुडे कंट्रोल. पुड्यांवर नुसते आकडे. कोणता आकडा कोणाचा ही यादी बंद पाकिटात, पाकीट प्राचार्यांच्या कपाटात. मला काहीच कळता कामा नये, म्हणून सर त्या दिवसांत माझ्याशी हवापाण्यावरही बोलत नसत.

खरं सांगतो, मी काही झाडाला हात जोडणाऱ्यातला नाही. पण निमंत्रण दिलेल्या झाडांत चार कण जास्त निघावेत, असं मला फार वाटत होतं. सरांची इतक्या वर्षांची मेहनत त्या कणांवर अडली होती.

पाकीट प्राचार्यांसमोर उघडलं. आकडे लावून पाहिले. काही फरक नव्हता. नेवता असो नसो, कुडा तेवढाच कडू.

मला सरांकडे बघवेना. त्यांनी चष्मा पुसला, आकडेमोड पुन्हा एकदा तपासली आणि म्हणाले, "बेस झालं. परिणाम नाई, असं लिवतो." तसंच लिहिलं. निमंत्रण दिले, तपासले, परिणाम आढळला नाही. आता तो प्रयोग झाला होता, त्यामुळे मार्गदर्शकांनाही खोडता येईना. परिच्छेद राहिला आणि प्रबंध पुढे गेला.

पुढच्या रविवारी सर मला घेऊन पुन्हा त्या उतारावर गेले. खिशातून हळदीचे तांदूळ निघाले. या वेळी ते कंट्रोलच्या दहा झाडांपाशी थांबत होते. प्रत्येकाच्या बुंध्याशी चिमूट ठेवत आणि हळूच म्हणत, "माफ करजा जी. सांगतलं नव्हतं."

"आता कशाला सर?" मी म्हणालो. "निकाल तर लागला."

"सालीचा लागला," ते म्हणाले. पुढच्या दोन झाडांपाशी चिमूट ठेवली. मग झाडाकडेच तोंड करून बोलले, "लहान होतो तं गावात एक लगन होतं. सारा गाव जेवून राह्यला होता, म्हून मीबी जाऊन बसलो. पत्रावळ पुढे आली, भात वाढला. एकानं इचारलं, तुले कोनं बोलावलं? मी उठलो. घरी आलो तं आई म्हने, जेवला का? म्या म्हटलं, पोटभर." एवढं बोलून त्यांनी डायरी काढली आणि झाडाचा क्रमांक लिहिला.

गेल्या महिन्यात सर नागपूरहून तोंडी परीक्षा देऊन डॉक्टर होऊन आले. मी भिंतीवरून ओरडलो, "अभिनंदन डॉक्टरसाहेब! या आता घरी कधीतरी!"

"हो जी, येतो ना," ते म्हणाले आणि कुलूप काढून आत गेले. दिवा लागला. पलीकडे दुसरं माणूस नव्हतं.

आत आलो तर बायको म्हणाली, "तुम्ही अकरा वर्षं त्यांना 'या कधीतरी' म्हणता. ते एकदा तरी आलेत का?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. आणि एकदाही मी त्यांना दिवस सांगितला नव्हता, वेळ सांगितली नव्हती. बाकीच्या शेजाऱ्यांना सांगत होतो. आडनावाचा प्रश्न नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण नव्हताच, असं आता छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. मला माझीच लाज वाटली.

बायकोनं वाटीत तांदूळ घेतले, हळद लावली. मी भिंतीला वळसा घालून, फाटकातून, रीतसर गेलो. सरांनी दार उघडलं. मी उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ ठेवले आणि म्हणालो, "उद्या सकाळी साडेसातला आमच्याकडे चहा-पोहे. आज सांगून ठेवतो."

सर तांदळाकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

सकाळी बरोबर साडेसातला ते आले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा. मी "या" म्हणेपर्यंत पायरीवरच उभे होते. पोहे दोनदा घेतले. लेकीला कडीपत्त्याचं शास्त्रीय नाव पाठ करायला लावलं. चहा संपल्यावर कप खाली ठेवत म्हणाले, "अकरा वर्षं कंट्रोलमंदी होतो जी मी."

आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

निघताना सवयीनं माझ्या तोंडावर आलंच होतं, 'या परत कधीतरी.' जीभ आवरली. म्हणालो, "पुढच्या रविवारी. सकाळी साडेसात."

सरांनी डायरी काढली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं.