काराबुलुनचा हजारावा माणूस

सगळं सुरू झालं ते एका चहाच्या वाटीवरून. आमच्या काराबुलुनचे मुखिया सुयुंदुक अंगणात, शेजारच्या जानीबुलाक गावचा मुखिया कुबात पाहुणा आला होता त्याच्याशी, छाती काढून बोलत उभे होते. तेवढ्यात आतून बायकोनं हाक मारली, "सुयुंदुक, चहा निवतोय!"

झालं. किरगिझ सून नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव घेत नाही, ही रीत आताशा पाळतंय कोण? पण कुबात गालात हसला आणि सुयुंदुकना एकदम आपल्या सात पिढ्या आठवल्या. (एरवी त्यांना मेव्हण्याचं नावही आठवत नाही.)

"बुरुल, आजपासून या घरात माझं नाव कुणी घ्यायचं नाही. मुखियाच्याच घरात रीत मोडली तर गावानं बघायचं कुणाकडे?"

"बरं," बुरुल म्हणाली. तिचं 'बरं' फार वाईट असतं. हे मला नुसतं शेजारी राहून कळलंय, त्यांना उभा संसार करून कळलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात शिरगणती आली आणि सोबत वरून हुकूम आला. ज्या गावात हजार माणसं भरणार नाहीत त्याची कचेरी बंद, ते गाव शेजारच्या गावाला जोडायचं. म्हणजे सुयुंदुकची खुर्ची, शिक्का, दारावरचा झेंडा, सगळं कुबातच्या घशात. त्यापेक्षा लांडगा परवडला.

मग काय, गडी घोड्यावर बसला तो उतरेचना. डोंगरावरचे मेंढपाळ खाली आणले. शहरात शिकणाऱ्या पोरांना 'आजी अत्यवस्थ' असे फोन गेले (आज्या दारात उन्हं खात बसलेल्या). गर्भार साईकालला म्हणाले, "गणतीच्या आत उरकता येतंय का बघ, गावासाठी." तिनं लाटणं दाखवलं.

गणतीवाली बाई त्यांच्या घरी आली तेव्हा ते डोंगरावर होते. मी कुंपणापाशीच होतो.

"घरात कोण कोण?"

"मी आणि सासूबाई," बुरुल म्हणाली.

"नवरा?"

"आहेत."

"नाव?"

बुरुलनं डोईचा रुमाल पुढे ओढला. "आमच्यात घेत नाहीत."

बाई सासूकडे वळली. म्हातारीची पंचाईत वेगळीच. मुलाला ठेवलेलं आजोबांचं नाव, आणि सासऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलेलं नाही. "मी त्याला बोकड म्हणते," ती म्हणाली.

"बोकड मला माणसांत धरता येणार नाही, आजी."

बाई निघून गेली. मी नाव सांगू शकलो असतो. पण माझं गाढव सुयुंदुकनी कचेरीच्या गवतातून हाकललं होतं, आणि मला विचारलंही नाही कुणी.

आकडा आला नऊशे नव्याण्णव. सुयुंदुकनी भर सभेत टोपी आपटली. "कुठल्या घरानं माणूस दडवला? एका नालायकापायी गाव बुडालं!"

"आपल्या घरचे दोनच लागलेत," बुरुल चहा ओतता ओतता म्हणाली.

सुयुंदुकनी बोटांवर मोजलं. आई, बुरुल, आणि मग ते मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तालुक्याला. कारकून सुयुंदुकना म्हणाला, "तक्रार त्याच घरच्या नोंदलेल्या रहिवाशाला करता येते. तुम्ही कुठे आहात रहिवासी?" मग बुरुलला पुढे केलं.

"कोण राहिलं गणतीत? नाव सांगा."

"सांग, बुरुल. मी सांगतोय ना," सुयुंदुक काकुळतीला आले.

"मनाई पाहुण्यांदेखत झालीय. उठवायची तर पाहुण्यांदेखत उठवा."

पाहुणा बाहेर बाकावरच होता. कुबात नव्या गावाचा शिक्का न्यायला आला होता. त्याला आत बोलावलं. सुयुंदुक घाम पुसत म्हणाले, "बायकोनं माझं नाव घ्यावं. केव्हाही. कुणासमोरही."

"सुयुंदुक," बुरुल म्हणाली, अगदी गोड आवाजात.

हजार भरले, कचेरी वाचली. कुबात तसाच हात हलवत गेला. आम्ही टोप्या उडवणार तेवढ्यात कारकुनानं मान वर केली.

"कुटुंबप्रमुख बुरुल, असं आधीच लागलंय. ते आता बदलत नाही. हे तुमच्याकडे राहतात, असं लिहितो. काम काय करतात?"

बुरुलनं प्रामाणिकपणे खूप वेळ विचार केला.

"चहा पितात," ती म्हणाली.