तुपावर पळणारे लिंबराज अण्णा

पळणारी माणसं खिशात मोबाईल ठेवतात. आमचे लिंबराज अण्णा तूप ठेवतात. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिच्यात म्हशीचं पातळ केलेलं तूप, आणि दर पाच किलोमीटरला एक घोट. घोट घेतला की मिशीवरून मनगट फिरवायचं आणि शेजारून जाणाऱ्याला, मग तो ओळखीचा असो नसो, सांगायचं, "चरबी दुश्मन न्हाय. दोस्त हाय, दोस्त." हे मी इतक्यांदा ऐकलंय की वर्गात पाढे म्हणून घेतानासुद्धा मध्येच तोंडात येतं.

अण्णा म्हणजे माझे भिंतीला भिंत लावून शेजारी. धाराशिवात बी-बियाणांचं दुकान, वय बावन्न, बांधा आडवा. मी शाळामास्तर. मला पळण्याचा तिटकारा आहे. एस्टी पकडायलासुद्धा मी पळत नाही. गेली तर गेली, दुसरी येईल. पण अण्णांना ऐकायला माणूस लागतं आणि माझी खिडकी नेमकी त्यांच्या ओट्यासमोर उघडते. याला मी काय करणार? सकाळी दात घासत उभा राहिलो की पलीकडून सुरू, "मास्तर, ईमानसे सांगतो, माणसानं भाकरी खाऊन वाटोळं केलं. भाकरीवर माणूस दहा किलोमीटर जातो. तुपावर म्हणाल तिथं जातो." मला कुठंच जायचं नसतं हो. मला चूळ भरायची असते.

गंमत म्हणजे हेच अण्णा दोन वर्षांपूर्वी तेलाच्या थेंबाला जहर म्हणायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल वाढलं म्हणाले, आणि अण्णांनी घरात कर्फ्यू लावला. कालवणावरची तर्री चमच्यानं काढून बशीत टाकायची. भजी वर्तमानपत्रात दाबून दाबून अशी करायची की भज्यावर बातमी उमटावी. शोभावहिनींनी शेंगाची चटणी केली तर हे वास घेऊन उठायचे. बिचाऱ्या वहिनी भिंतीवरून माझ्या बायकोला सांगायच्या, "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच माझ्या हाताला चव न्हाय म्हणालेत."

त्या काळात आमची मात्र चैन होती. अण्णांची आई बेंबळीला एकटी राहते, एक म्हैस सांभाळते. अण्णा दर रविवारी मोटारसायकलवर जायचे, आई तुपाची अर्ध्या किलोची बरणी द्यायची, आणि ती बरणी सरळ आमच्या घरी यायची. "घ्या मास्तर हे जहर." आम्ही ते जहर पुरणपोळीवर, वरणावर, कधी नुसतंच गुळाबरोबर खाल्लं. इतकं चांगलं तूप की मध्यंतरी बेंबळीला एका लग्नात त्या मावशी, म्हणजे अण्णांच्या आई, दिसल्या, तर मी मुद्दाम जाऊन दोन शब्द चांगले बोलून आलो. त्यानंतर तूप बंद झालं. त्याच महिन्यात अण्णा पळायला लागले आणि चरबी दोस्त झाली. मला बरणी बंद झाल्याचं वाईट वाटलं, बाकी मी काही विचारलं नाही. आमच्या अण्णांचं हे असंच, म्हणून सोडून दिलं.

पण अण्णा सोडून देणारे नव्हते. सकाळी मैदानावर पळणाऱ्यांत त्यांनी तीन चेले जमवले. एक तलाठी, एक दातांचे डॉक्टर आणि एक बँकेतले. चौघांनी पंधरा दिवस भाकरीला शिवायचं नाही, काळ्या चहात तूप घालून प्यायचं आणि गावातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत धावायचं, असं ठरलं. मला फुकटात गाडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागं यायला सांगितलं. मी नाही म्हणू शकत नाही, हा माझा जुना आजार.

ऐन थंडीतली पहाट. चौघांच्या बाटल्यांत तूप दगडासारखं थिजलेलं. अण्णांनी आपली बाटली बनियनात, पोटाशी धरली. बाकीच्यांनी वॉचमनच्या शेकोटीवर धरल्या. तलाठ्यांची बाटली प्लास्टिकची होती, ती बुडाकडून गेली आणि शेकोटीनं असा काही पेट घेतला की वॉचमन खुर्चीसकट मागं सरकला. शर्यत सुटली. सातव्या किलोमीटरला तलाठी तुरीच्या रानात शिरले. मागोमाग बँकवाले. डॉक्टर जरा लाजले, पण तेही शिरले. मी बांधावर तीन बाटल्या पाणी घेऊन उभा. डॉक्टर बाहेर आले ते पोट धरून माझ्या गाडीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, घरी सोडा. कुणाला सांगू नका." अण्णा तेवढे शेवटपर्यंत पळाले, शेवटून दुसरे आले, आणि चेल्यांबद्दल एवढंच बोलले, "त्यांच्या पोटाला दोस्ताची वळख न्हाय अजून."

मी खरंच कंटाळलो होतो. वहिनी तर माझ्याहून जास्त. एके दिवशी त्यांनी नवा रिपोर्ट माझ्या हातात ठेवला. "मास्तर, तुमी शिकलेले. सांगा त्यास्नी. डॉक्टर म्हणले, पळता म्हणून टिकलाव, पर तूप आवरा." मी अण्णांना सांगायला गेलो. दर वेळी समोरच्याला पटेस्तोवर न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बघू."

मग गेल्या महिन्यात अण्णांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी तीन महिने पळणं बंद केलं. मला वाटलं, सुटलो. तर रविवारी सकाळी अण्णा पळायच्या कपड्यांत, पळायच्या बुटांत, गुडघ्याला पट्टा बांधून माझ्या दारात. "मास्तर, बेंबळीला सोडता का?" दर रविवारी ते वीसेक किलोमीटर पळत आईकडं जायचे आणि येताना एस्टीनं यायचे, हे मला ठाऊक होतं. गुडघा मोडून या कपड्यांत कशाला, ते कळेना. पण विचारायचाही कंटाळा आला. गाडी काढली.

गावाच्या अलीकडं पुलाजवळ त्यांनी मला थांबवलं. उतरले. बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, सदऱ्यावर, मानेवर ओतलं. मी बघतच राहिलो. "तुमी पाच मिन्टांनी या," म्हणाले, आणि लंगडत, दात खाऊन पळत सुटले.

मी मागनं पोचलो तेव्हा पत्र्याच्या घरापुढं मावशी बाजेवर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. अण्णा धापा टाकत समोर बसलेले. मावशी त्यांच्या ओल्या पाठीवरनं हात फिरवून म्हणत होत्या, "किती घाम रं लेकरा!" पुढ्यात वाटीभर तूप, वर गूळ.

मी शेजारी आहे, गाडीवर आलोय, एवढं अण्णांनी सांगितलं. मास्तर म्हणाले नाहीत. मावशींना मी कोण ते काही दिसलं नाही, आणि लग्नाच्या गोंगाटात ऐकलेला आवाज कुठला ध्यानात राहतोय. त्या आपल्या बोलायला लागल्या. "लई गुणाचं हाय माझं पोरगं. पर मागं एकदा ह्यानं फसवलं मला. तूप घरी न्यायचा आन वाटून टाकायचा. मला काय ठावं? एका लग्नात कोण मास्तर भेटला, म्हणला, मावशी, तुमचं तूप दर आठवड्याला खातो आमी, लई गोड. बरं झालं देवा कळलं, म्हणलं. माझ्या लेकाला नको असंल तर म्हस कुणासाठी ठिवू? त्याच आठवड्याच्या बाजाराला दावं धरून म्हस काढली व्हती इकायला."

तो मास्तर मीच. अण्णा वाटीत बघत होते.

"मग हा आला पळत. म्हणला, आई, म्या आता पळाया लागलो, पळायला तूपच लागतं. म्हस इकू नगो. म्या म्हणलं, घे माझी शपथ, समदं तुझ्याच तोंडात जाईल. घेतली की त्यानं. म्हस हाय म्हणून पाटंचं उठते बघा. शेण काढते, धार काढते, दही घुसळते. म्हस न्हाय तर उठू कशापायी?"

कोपऱ्यात म्हैस रवंथ करत होती. मी दीड वर्षं या माणसाची टिंगल केली. पळण्यासाठी तूप खातो म्हणून हसलो. तो तूप जिरवायला पळत होता, आणि कारण मी होतो. एका शब्दानं कधी बोलला नाही. उलट वर ते भाषण. कुणाला शंका येऊ नये म्हणून सगळ्या गावाला, वहिनींना, स्वतःलासुद्धा दिलेलं. मला लाज वाटली, सरळ सांगतो.

अण्णांनी वाटी उचलली. खिशातला रिपोर्ट मला आठवला, आणि तीन महिने पळणं बंद आहे हेही आठवलं.

तेवढ्यात मावशींनी माझ्याकडं तोंड वळवलं. "आन तुमी? तुमी बी पळता व्हय?"

"पळतो की, मावशी," मी म्हणालो. "रोज. अण्णांच्याच संगट."

"आगं बया! मग सांगायचं न्हाय का आदी?" मावशी उठल्या, चाचपडत दुसरी वाटी आणली. "एका म्हशीचं किती निगणार? हेच दोघांत घ्या." आणि अण्णांच्या हातातली वाटी घेऊन निम्मं तूप त्यांनी माझ्या वाटीत ओतलं. स्वतःच्या हातानं. शपथ मोडायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या रविवारपासून बरण्याही दोन करीन म्हणाल्या.

परतताना पूल आला. अण्णा मागून म्हणाले, "मास्तर, तुमास्नी पळायचा कंटाळा हाय."

"आहेच," मी म्हणालो.

परवाच्या रविवारी पुन्हा पुलाजवळ गाडी लावली. अण्णांनी बाटलीतलं निम्मं पाणी आपल्या डोक्यावर ओतलं, आणि उरलेलं माझ्या.