सोळाशे मीटर आणि एक कट्टा तूर

मी एकदा समोरच्या आप्पांच्या कट्ट्यातून, म्हणजे पोत्यातून, सहा किलो तूर काढून घेतली आणि तिच्या जागी मुरमुरे भरले. चोरी म्हणून नव्हे, दया म्हणून. नुसती चोरी केली असती तर एवढं नुकसान झालं नसतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मी लहान होते, जेमतेम एकसष्ट वर्षांची. त्या वयात बाईला आपण फार शहाण्या आहोत असं वाटत असतं.

कट्टा खायचा नव्हता, परीक्षेचा होता. तुरीची कसली परीक्षा, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी आधी आप्पा सांगायला हवेत.

लातुरात आमच्या गल्लीत, माझ्या दारासमोरच्या घरात मन्मथआप्पा राहतात. बाजारात चाळीस वर्षं त्यांची अडत होती. तूर, हरभरा, सोयाबीन. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला लागले. कपाळाला विभूती, अंगात पांढरा पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यातलं इष्टलिंग हलू नये म्हणून छातीवर एक हात. कुणी विचारलं, "आप्पा, या वयात?" तर म्हणायचे, "जुनी तूर हाय. शिजायला टाइम लागतो, पण शिजती."

मुलाने पुण्याहून भारी बूट पाठवले. आप्पांनी ते दोन दिवस घातले आणि गादीवर पळाल्यावानी वाटतं म्हणून कपाटात ठेवले. मग मनगटावर बांधायचं यंत्र आलं. ते दर तासाला "उठा, चाला" म्हणायचं. "अक्का," आप्पा मला म्हणाले, "बाजारात चाळीस वर्षं मला कुणी हुकूम केला न्हाई. आता हे मनगटावर बसून मालक झालंय." दुसऱ्या दिवशी यंत्रही बुटांशेजारी गेलं.

आमच्या घरांमागेच कॉलेजचं मैदान आहे. तिथं पहाटेपासून पोलीस भरतीची पोरंपोरी सोळाशे मीटरची तयारी करतात. चुन्याची गोल रेघ आखलेली, चार फेऱ्या. सगळे एका दिशेने पळतात. आप्पा नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यातून टाकीच्या पाण्याची नाली जाते. आप्पा त्या नालीपर्यंत पळतात, थांबतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. मग दुसऱ्या अंगाने नालीपर्यंत, आणि पुन्हा परत.

मी विचारलं, "आप्पा, हे काय?"

"महादेवाला पुरी प्रदक्षिणा नसती, अक्का. पाणी वलांडायचं न्हाई."

"हे मैदान आहे, देऊळ नव्हे."

"म्हंजे मैदानात महादेव न्हाई म्हणता?"

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं, तर अंतर बरोबर सोळाशेच भरत होतं.

पण त्यामुळे व्हायचं असं की अर्धा वेळ आप्पा सगळ्यांच्या समोरून यायचे. पोरं ओरडायची, "आप्पा, साईड द्या." आप्पा साईड द्यायचे आणि पळता पळता एकेकाची प्रतवारी करायचे. "हा माल भारी हाय." "ह्याच्यात मॉइश्चर जास्त हाय, अजून वाळवा." एका पोरीला म्हणाले, "तू एक नंबर माल," आणि लगेच जीभ चावून, "म्हंजे हरभऱ्यात, बाई, हरभऱ्यात." ती पोरगी हसून हसून रेघेबाहेर गेली.

मी हे सगळं मैदानाच्या कठड्यावर बसून बघायची. पळण्याशी माझा संबंध तेवढाच. नांदेडला कॉलेजात असताना मी एकदाच शंभर मीटर धावले होते, तेही नवी साडी सगळ्यांना दिसावी म्हणून. निम्म्यात एक चप्पल निघाली. मी थांबले, मागे गेले, चप्पल घातली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि मग शर्यत पूर्ण केली. तोवर पुढची शर्यत सुरू झाली होती आणि मी तिच्यात तिसरी आले. बक्षीस मागायलाही गेले होते. अशी अक्कल.

अशा बाईला आप्पांनी आपली परीक्षक नेमलं. कारण एकच, "चाळणी धरणारा घरचा नसावा."

चाळणी म्हणजे त्यांची परीक्षा. महिन्याचा पहिला सोमवार. सोळाशे मीटर बारा मिनिटांच्या आत. मी माझ्या मोबाइलवर वेळ लावायची. ते झालं की दम न खाता घरी यायचं, अंगणात ठेवलेला तुरीचा कट्टा उचलायचा, सहा पायऱ्या चढायच्या, घरातून मागच्या दारापर्यंत जायचं आणि कट्टा खाली ठेवायचा. तोही आवाज न करता. हमाल कट्टा पाठीवर घेतात. आप्पा दोन्ही हातांवर, छातीशी घ्यायचे. मी म्हटलं, "पाठीवर घ्या की, कंबर जाईल." म्हणाले, "पाठीवरचं वज्झं कुणीबी नेतो."

आणखी एक विचित्र गोष्ट. कट्ट्याचं वजन दर महिन्याला वेगळं. आदल्या संध्याकाळी आप्पा घरच्या काट्यावर तूर कमीजास्त करून दाभणाने तोंड शिवायचे. कधी पंचेचाळीस, कधी साडेसत्तेचाळीस.

"मागच्या महिन्यात कमी होतं की हो."

"श्रावण संपला. उपास सुटले."

मी हसले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे.

या परीक्षेवर एक गोष्ट टांगलेली होती आणि ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. आप्पांच्या घरच्या, महानंदावहिनी, यांचं उजवं अंग दोन वर्षांपूर्वी लकव्याने गेलं. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असायच्या. बोलणं स्पष्ट, स्वभाव मानी. आपलं काही करताना कुणी पाहिलेलं त्यांना खपायचं नाही, त्यामुळे घरात काय कसं चालतं ते आम्हाला कधी दिसलं नाही. सकाळी कामाची बाई येते, तीच सगळं करत असेल, असं मी धरून चालले होते. मुलगा दर रविवारी फोन करायचा, "पप्पा, तुमच्याने होणार नाही. दोघं पुण्याला या. इथं लिफ्ट आहे, माणूस ठेवू." वहिनी लकव्याच्या आधी एकदा आठ दिवस जाऊन आल्या होत्या. "तिथं खिडकीतून माणसं दिसत न्हाईत," त्या मला म्हणाल्या, "नुसत्या खिडक्या दिसत्यात." शेवटी बापलेकांत सौदा ठरला. आप्पा पास होत राहतील तोवर लातूर. नापास झाले त्या महिन्यात सामान बांधायचं.

आणि आप्पा लेकाला फसवणाऱ्यांतले नव्हते. एकदा शहरात पाच किलोमीटरची शर्यत झाली. आप्पा घोळक्यात पळत होते, पण बाजाराचं वळण आलं तशी चाळीस वर्षांची सवय झालेले पाय आपोआप अडतीच्या बोळात शिरले. बोळातून बाहेर पडले तेव्हा पुढं कुणीच नव्हतं. गळ्यात पदक घालून, हार घेऊन घरी आले. संध्याकाळी चहा पिताना त्यांच्या ध्यानात आलं, आणि तसेच उठून पदक परत द्यायला गेले. "अर्ध्या मालाची पुरी पावती आपल्याला जमत न्हाई," म्हणाले. हार तेवढा गाईला घातला.

हे मला माहीत होतं. तरीही मी जे करायचं ते केलं.

त्या वर्षी पावसाळ्याअखेर आप्पांना चिकनगुनिया झाला. ताप आठ दिवसांत गेला, सांधे राहिले. माणूस निम्मा झाला. बोटांनी कप धरवत नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, या महिन्यात चाळणी राहू द्या." म्हणाले, "बिलकुल न्हाई. सोमवार सोमवारीच येतो."

मी रात्रभर विचार केला. आप्पा नापास होणार, घराला कुलूप लागणार, वहिनी पुण्यात खिडक्या मोजत बसणार. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला माझीच काळजी जास्त होती. समोरचं दार बंद झालं असतं तर मी सकाळी उठून कुणाला हसले असते?

सोमवारी आप्पा अंग मोकळं करायला मैदानावर गेले. वहिनींची खिडकी अजून बंद होती. मी अंगणात जाऊन कट्ट्याची शिवण उसवली, सहा किलो तूर माझ्या डब्यात ओतली, आणि न्याहारीला सुशीला करायला आणलेले मुरमुरे कट्ट्याच्या मधोमध दाबून भरले. वरून पुन्हा तूर पसरली आणि गोधडीच्या सुईने तोंड शिवलं. मग शहाण्यासारखी मैदानावर जाऊन वेळ लावली.

आप्पांनी सोळाशे मीटर अकरा मिनिटं छप्पन्न सेकंदांत काढले. ते त्यांचे स्वतःचे, त्यात माझा हात नाही. तोंड पांढरंफटक पडलं होतं. घरी आले, कट्टा उचलला. पायरी एक, दोन, सहा. मागच्या दारापर्यंत गेले आणि आवाज न करता कट्टा ठेवला. चाळीस वर्षं नुसत्या हाताने वजन सांगणारा माणूस त्या दिवशी चुकला, कारण त्याला पास व्हायचं होतं. माझ्यासमोर लेकाला फोन लावला आणि एकच शब्द बोलले, "पास."

मला इतका आनंद झाला की मी स्वतःलाच पेढा दिला.

संध्याकाळी पाचला मी माझ्या ओट्यावर बसून तीच सहा किलो तूर निवडत होते. समोरचं दार उघडलं. आप्पा बाहेर आले. दोन्ही हातांवर, छातीशी, महानंदावहिनी. नेसणीला नवं लुगडं, केसांत शेवंती. दोन वर्षांत त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. आप्पा तिथूनच म्हणाले, "अक्का, चहा ठेवा. पास झाल्याबद्दल हिनं तुमच्याकडं यायचं मागितलं."

मला सगळं एका क्षणात कळलं. हातावर का, छातीशी का, आवाज न करता का. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी पाऊल टाकलं होतं. पहिली पायरी, दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी वहिनींना सोडलं नाही. त्यांना तसंच धरून ते पाठीवर घसरत खाली बसले. माकडहाडावर आदळले. वहिनींचं कोपर तेवढं खरचटलं.

मी अनवाणी धावत गेले. वहिनी हसत होत्या, डोळ्यांत पाणी होतं.

"मीच जड झाले हो, अक्का," त्या म्हणाल्या. "सकाळी तर ह्यांनी तेवढंच वजन वर नेलं. परवाच काट्यावर मोजलंय. मला घेऊन उभे राहत्यात आन् मग आपलं वजन वजा करत्यात. मी बारदान, तू माल, म्हणत्यात."

आप्पा आपल्या हातांकडे बघत होते, जसं दुसऱ्याच कुणाचे हात चुकून अंगाला लागलेत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चहा करून त्यांच्या पायरीवर आणला, आम्ही तिघांनी तिथंच बसून प्यायला, आणि मी पावसावर बोलत राहिले. कोल्हापुरात किती पडला, हेसुद्धा सांगितलं.

पुढचं झटक्यात सांगून टाकते. पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा झाली. कट्टा आप्पांनी माझ्यासमोर शिवला आणि त्यावर मला बसवून ठेवलं. पळण्यात पास झाले, उचलण्यात दहा पावलांनी नापास. लेकाला तसंच कळवलं. लेक गाडी घेऊन आला, चार दिवस राहिला, आणि जाताना सुताराकडून पायऱ्यांवर लाकडी उतार करून घेऊन, चाकाची खुर्ची ठेवून एकटाच परत गेला. आप्पा सत्तरीत आहेत, अजून पळतात, नालीपाशी अजून मागे फिरतात. वहिनी दर सोमवारी खुर्चीतून माझ्याकडे येतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी ती बुधवारची सकाळ होती. दोन रात्री मला झोप नव्हती. तुरीचा डबा काखेत घेऊन मी त्यांच्या अंगणात गेले. आप्पा खालच्या पायरीवर उशी घेऊन बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, शिवण, मुरमुरे, गोधडीची सुई. आता हा माणूस मला बोलेल, गल्ली गोळा करेल, आणि करावीच, असं मनाशी ठरवून मान खाली घातली.

आप्पांनी डबा घेतला नाही. खिडकीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"मी पडलो त्याचं काही न्हाई, अक्का. पण परवापासून ती अर्धीच भाकर खाऊन राहिली. तुम्ही आत चला आन् तिला तुमच्या तोंडानं सांगा, की तिचं वजन हाय तेवढंच हाय. आत्ताच चला, तिची जेवायची येळ झाली."